माझे एक लाख बावीस हजार किलोमीटर

मी एक जुनी गाडी आहे. किती जुनी, हे मात्र एका दमात सांगता येणार नाही, कारण सगळे भांडण त्यावरूनच झाले. बायका वय चोरतात अशी थट्टा माणसे करतात. मित्रांनो, मी माझे वय कधीही चोरले नाही. ते माझ्याकडून चोरले गेले, भर दुपारी, दहा मिनिटांत. वर चोराने मला फडक्याने पुसून 'आता कशी तरणीताठी दिसते' असेही म्हटले. त्याला बरेच दिवस झाले, तरी आठवण निघाली की माझे इंजिन सुरू न होताच तापते.

जातीने मी छोटी एसयूव्ही. मोठ्या जीपसारखी उंच, पण अंगाने आटोपशीर. रंग शेवाळी, इंजिन डिझेलचे, आणि चारही चाकांना ओढ. हंगेरीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या बाईने माझ्या दारावर शेवटचा हात फिरवला आणि मी बाहेर पडले, तेव्हा माझ्या काट्यावर फक्त चार किलोमीटर होते. तेही खरे होते.

माझी पहिली मालकीण इर्मगार्ड. जर्मनीच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखात ती गावोगाव फिरून पियानोचे सूर लावून देई. शाळा, सभागृहे, म्हाताऱ्यांची घरे, एकदा तर डोंगरमाथ्यावरचा एक मठ, जिथल्या जोगिणींनी आम्हाला पाव आणि चेरीचा मुरंबा दिला होता. इर्मगार्डचे कान फार तयार होते. सकाळी मला सुरू केल्यावर ती क्षणभर थांबे. "आज तुझा घसा बसलाय," असे म्हणाली की आमचा मोर्चा थेट मेकॅनिककडे वळे. बारा वर्षे तिने मला असे ऐकले. कोणाचे तरी नीट ऐकून घेणे ही केवढी मोठी माया असते, हे मला तेव्हा कळत नव्हते.

तिचा मेकॅनिक अबोल माणूस होता. काम झाले की त्या भागाजवळ पांढऱ्या रंगाने आकडा आणि साल लिहून ठेवण्याची त्याला सवय होती. एक लाख अठरा हजार किलोमीटरला त्याने माझ्या इंजिनातला दातेरी पट्टा बदलला, आणि पट्ट्याच्या झाकणावर, अगदी खालच्या अंगाला, दातेरी चक्राचे लहानसे चित्र काढून पुढे तो आकडा लिहिला. मित्रांनो, हा पट्टा लक्षात ठेवा. इंजिनाच्या आतले सगळे भाग तो एका तालात ठेवतो. दर एक लाख वीस हजार किलोमीटरला तो बदलावाच लागतो. आळस केला आणि चालत्या गाडीत तो तुटला, तर इंजिन जागच्या जागी मरते, स्टिअरिंग जड होते आणि ब्रेक दगडासारखा लागतो. सपाट रस्त्यावर माणूस वाचेल. घाटात काय होईल ते मी सांगत नाही.

पुढे इर्मगार्डलाच ऐकू येईनासे झाले. आधी वरचे सूर गेले, मग माझा आवाज गेला. ज्या दिवशी मी घसा खाकरत होते आणि ती शांतपणे गाडी चालवत राहिली, त्या दिवशी मला फार वाईट वाटले. तिने धंदा बंद केला आणि मला विकायचे ठरवले.

विकण्यापूर्वी तिने एक काम केले. तिच्याजवळ माझी निळी वही होती. तेल केव्हा बदलले, टायर केव्हा, सगळे त्यात होते. शेवटच्या दोन कोऱ्या पानांवर तिने माझे गुणदोष लिहिले, आणि लिहिताना हातचे काहीही राखले नाही. गाडी बर्फात कधी अडकली नाही, अरुंद गल्लीत एका दमात वळते, उंच असल्यामुळे दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला चढायला-उतरायला सोपी आहे आणि थंडीत लवकर ऊब देते, हे तिने लिहिले. आणि त्याच अक्षरात हेही लिहिले की ही दर दोन हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल पिते, मागच्या चाकांवर गंज धरला आहे, डिकी नावापुरती आहे, मागे उंच माणूस बसला तर त्याचे गुडघे हनुवटीला लागतात, लहान गाडीपेक्षा डिझेल जास्त लागते, आणि ऐंशीच्या वेगाला मागचे डावे बेअरिंग काळी चारच्या सुरात गुणगुणते. खाली मोठ्या आकड्यात लिहिले होते: दोन लाख एकतीस हजार किलोमीटर, पुढचा पट्टा दोन लाख अडतीसला.

आपले दोष असे कागदावर वाचून कोणाला राग येईल. मला आला नाही. मला अभिमान वाटला, कारण त्यातला शब्दन्‌शब्द माझा होता.

मला न्यायला आला तो रांगेल. बल्गेरियातल्या रोडोपी डोंगरातला माणूस, धंदा जुन्या गाड्या आणून विकण्याचा. उंच, हसरा, हातात कायम सूर्यफुलाच्या बिया. इर्मगार्डने वही त्याच्या हातात ठेवून विचारले, "यातलं सगळं घेणाऱ्याला सांगाल ना?" रांगेलने मान वर-खाली हलवली. इर्मगार्डचे समाधान झाले. बिचारीला काय ठाऊक, की त्याच्या मुलखात मान वर-खाली हलवली की 'नाही' आणि आडवी हलवली की 'हो'! पुढे त्या मुलखातच राहायला आल्यावर मला ते कळले आणि मी चाट पडले. म्हणजे हा गृहस्थ खोटे बोललाच नव्हता. आपल्या गावच्या रीतीने त्याने तोंडावर खरे सांगितले होते.

ट्रकवर चढवून त्याने मला दक्षिणेला नेले. वाटेत हंगेरीत एका पंपावर तो चहाला थांबला, आणि माझी निळी वही शेवटच्या पानापर्यंत वाचून त्याने कचऱ्याच्या पिंपात टाकली. ज्या देशात मी जन्मले, त्याच देशात.

त्याच्या अंगणात दुसऱ्या दिवशी एक माणूस लॅपटॉप घेऊन आला. त्याने एक वायर माझ्या पोटाशी लावली, शिळोप्याच्या गप्पा मारत काही कळा दाबल्या, आणि माझा काटा दोन लाख एकतीस हजारांवरून एक लाख नऊ हजारांवर आला. एक लाख बावीस हजार किलोमीटर गेले. मठातला चेरीचा मुरंबा गेला. हिमवादळात शाळेच्या संमेलनाला आम्ही वेळेवर पोहोचलो होतो, मुलांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या होत्या, ती सकाळ गेली. पट्टा बदलल्याचा दिवसही गेला, कारण काट्याच्या मते तो अजून उजाडलाच नव्हता.

माझ्या चाकाची आग टपावर गेली. पण गाडीच्या रागाचे कोण काय करणार? हॉर्नसुद्धा दुसऱ्याने दाबावा लागतो.

मग माझा शृंगार सुरू झाला. झिजलेले पेडल कोणाच्या लक्षात येऊ नयेत म्हणून त्यांवर नवे रबर चढवले. स्टिअरिंगला नवे कातडे शिवले. गंजावर रंग, इंजिनावर चकाकीचा फवारा, आत फुलांचा दर्प. झाकणाच्या खालच्या अंगाला हात कोण घालतो? तिथले पांढरे आकडे तेवढे वाचले. आणि गिऱ्हाइकांसाठी एक गोष्ट तयार झाली: जर्मनीतली एक म्हातारी, गाडी फक्त रविवारी काढायची, चर्चपुरती. माझी इर्मगार्ड चर्चमध्ये गेली असेल तर तिथला पियानो नीट करायला, आणि रविवारी ती उशिरापर्यंत झोपायची!

सगळे मला 'वापरलेली' म्हणत, ते वेगळेच. जशी काही ती शिवी आहे. अहो, गाडी वापरायलाच असते ना? वापर लपवायचा म्हणजे माझ्या कष्टांचीच लाज वाटून घ्यायची. ज्या गोष्टीचा मला अभिमान होता, तिचीच यांनी चोरी ठरवली.

ऑगस्टच्या एका सकाळी दोब्रिन्का आली. पन्नाशीची, ठेंगणी, भराभरा चालणारी. डोंगरातल्या सात गावांची ती एकटी परिचारिका. कोणाला इंजेक्शन, कोणाची जखम, कोणाचे साखरेचे औषध, सगळे तिच्या पिशवीत. तिची आधीची गाडी एका चढावर कायमची बसली होती. तिच्याबरोबर शेजारचा मेतोदी होता. सत्तरीचा मेंढपाळ, आता मेंढ्या नाहीत, मूत्रपिंडे थकलेली. आठवड्यातून तीनदा त्याला खिंडीपलीकडच्या शहरात डायलिसिसला जावे लागे. बस होती, पण ऑक्टोबरच्या शेवटी दिमित्राचा सण झाला की खिंडीवरची बस बंद होई, ती वसंतापर्यंत. मग दोब्रिन्काने त्याला न्यायचे, असे ठरले होते. माझी निवड त्यासाठीच चालली होती.

मेतोदीने माझ्याभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि टायरला लाथ मारली.

"चौदाशे मेंढ्या घेतल्यात मी आयुष्यात," तो म्हणाला. "दात न बघता एकही नाही. हिचे दात कुठं असतात ते सांग, रांगेल, म्हणजे मी बघतो."

"दात म्हणजे हा काटा, दादा. बघ की. एक लाख नऊ हजार. अजून दुधाचे दात आहेत."

मेतोदी आत बसला, उतरला, पुन्हा बसला. "उंच आहे, चांगलं आहे. माझे गुडघे कुरकुरले नाहीत. डिकी मात्र एवढीशी. एक मेंढी मावेल, तीही रुसून बसेल. आणि हा रंग कसला? तळ्यातलं शेवाळ."

"रंगाचं काय लोणचं घालायचंय?" दोब्रिन्का म्हणाली. "बर्फात चढेल का ते विचार."

"चढेल. पण हिचे कागद कुठंत? जर्मन लोक वही ठेवतात म्हणे गाडीची. ती माग. आणि गाडी घेतली की पट्टा आधी बदलायचा, हे माझ्यासारख्या मेंढक्यालाही ठाऊक आहे."

रांगेल हसला. "पट्ट्याला एक लाख ऐंशीपर्यंत बघायचं कारण नाही. उगाच खर्चात का पडतेस? मी सांगतोय ना."

मी सांगतोय ना! मला तेव्हा ओरडावेसे वाटले. सात हजार किलोमीटर उरलेत हो, एकाहत्तर हजार नव्हे, फक्त सात!

मेतोदी वहीचे सोडेना. तेव्हा दोब्रिन्काने त्याला बाजूला घेतले आणि ती हळू आवाजात बोलली, पण माझी काच उघडी होती.

"दादा, पुरे आता. तो माझा कूम आहे. लग्नात माझ्या डोक्यावर मुकुट यानं धरला, माझ्या पोरीचं नाव यानं ठेवलं. त्याच्याकडं कागद मागू? म्हणजे तोंडावर चोर म्हटल्यासारखं. गावात काय तोंड दाखवू मी?"

"मेंढी कूमानं विकली तरी तिला दात असतातच की," मेतोदी पुटपुटला. पण वहीचा नाद त्यानेही सोडला. त्या डोंगरात कूमाचे नाते रक्ताहून घट्ट मानतात. अनोळखी माणसाकडून कोंबडी घेतानासुद्धा दोब्रिन्काने तिचे पंख उलटून पाहिले असते. कूमाकडून गाडी घेताना तिने वही उलटून पाहिली नाही. या एका मोठेपणापायी ही माणसे फसतात, आणि फसवणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. मला दोब्रिन्काचा राग आला नाही. मला रांगेलचा दुप्पट राग आला.

आम्ही निघालो तेव्हा त्याने रीतीप्रमाणे माझ्या चाकांपुढे बादलीभर पाणी ओतले, प्रवास पाण्यासारखा सुरळीत व्हावा म्हणून. ज्या हाताने वही फेकली, त्याच हाताने.

पुढचे दिवस मात्र चांगले गेले, खोटे कशाला सांगू? दोब्रिन्का मला 'पोरी' म्हणे. दगडी वाटांवर माझा तळ घासला नाही, म्हाताऱ्या रुग्णांना चढता आले, कोपऱ्यावरच्या घरांशी मी एका दमात वळले. ऐंशीचा वेग आला की बेअरिंग गुणगुणे आणि दोब्रिन्का त्याच सुरात डोंगरातले एक लांबलचक गाणे धरी. तिला वाटे, गाडी आनंदात आहे. गावकरी काट्यात डोकावत आणि म्हणत, "काय नशीब काढलंस, गाडी अगदी कोवळी आहे." असे कौतुक ऐकण्यापेक्षा गंज परवडला. माझे म्हणून जे होते, ते कोणी पाहतच नव्हते, आणि जे नव्हते त्याचीच वाहवा चालली होती.

एकदा वळणावर तेलाचा लाल दिवा लागला. दोब्रिन्का घाबरली. निळी वही असती तर तेल केव्हा आणि किती घालायचे ते तिला ठाऊक असते. तिने रांगेलला फोन केला. "डोंगराचं पाणी नवीन आहे तिला, जरा पिणारच," तो म्हणाला, आणि दोघेही हसले. मी हसले नाही. मी किलोमीटर मोजत होते.

नव्या गाडीला धर्मगुरूंकडून पवित्र पाणी शिंपडून घ्यायची तिथे रीत आहे. गावचे धर्मगुरू येवस्ताती. तिकडे धर्मगुरूला 'बाप' अशीच हाक मारतात, म्हणून मी त्यांना बाबा म्हणते. पंचक्रोशीतल्या अंत्यविधींत आणि बारशांत ते इतके गुंतले होते, की आमची पाळी थेट दिमित्राच्या सणाला आली, शुक्रवारी. सोमवारपासून मेतोदीच्या फेऱ्या सुरू होणार होत्या. काटा एक लाख पंधरा हजार दाखवत होता. खरा आकडा दोन लाख सदतीस हजार. खिंडीवरच्या दोन-अडीच आठवड्यांच्या फेऱ्या, की हिशेब संपला.

देवळाच्या अंगणात मला उभे केले. रीतीप्रमाणे माझी चारही दारे, डिकी आणि बॉनेट उघडले, म्हणजे आशीर्वाद सगळीकडे पोहोचतो. कूम हवाच म्हणून रांगेलही आला होता, पाव आणि घरी गाळलेली रकिया दारू घेऊन. बाबांनी एका हातात क्रूस घेतला, दुसऱ्या हातात सब्ज्याची जुडी. तांब्याच्या भांड्यात जुडी बुडवून त्यांनी सीटांवर पाणी शिंपडले, चाकांवर शिंपडले, मग इंजिनापाशी आले. बाबांचे सांगायचे राहिलेच. त्यांची स्वतःची गाडी माझ्याहून दुप्पट वयाची, रशियन, आणि ती ते स्वतःच दुरुस्त करत. त्यांच्या झग्याला उदबत्तीइतकाच डिझेलचा वास येई.

त्यांनी इंजिनावर जोराने जुडी झटकली आणि जुडीचा दोरा सुटला. दोन काड्या आत पडल्या.

"राहू द्या बाबा, आशीर्वाद आतच राहील," मेतोदी म्हणाला.

"आशीर्वाद जळाला की धूर होतो," बाबा म्हणाले. त्यांनी बाही वर केली, खिशातली छोटी बॅटरी काढली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पट्ट्याच्या झाकणाशी तो हात थांबला. त्यांनी बॅटरी खाली वळवली आणि ते वाकून, डोळे बारीक करून आत बघत राहिले. मित्रांनो, इर्मगार्डनंतर पहिल्यांदाच कोणी माझ्याकडे असे निरखून पाहत होते.

"दोब्रिन्का, किती चाललीय गाडी?"

"एक लाख पंधरा हजार, बाबा."

"मग एक लाख अठराला पट्टा बदलला कसा? अजून तीन हजार जायचंय. आणि साल लिहिलंय ते सहा वर्षांमागचं."

मग मेतोदी म्हणाला, "गाडी उद्याची आहे वाटतं. तिलाच विचारा, मी किती जगणार ते."

"जर्मन मेकॅनिक चुकला असेल," रांगेल घाईने म्हणाला. "त्यांचे आकडे…"

"आकड्यांना भाषा लागत नाही," बाबा म्हणाले. त्यांनी हात पुसले आणि क्रूस पुढे केला. विधी संपला की सगळ्यांनी त्याला ओठ टेकवायचे असतात. दोब्रिन्काने टेकवले, मेतोदीने टेकवले. रांगेलसमोर क्रूस थांबला. "आधी एक सांग. तुला ठाऊक होतं?"

रांगेलने बियांची पुडी खिशात घातली. मग त्याने मान हळूच आडवी हलवली. डावीकडे, उजवीकडे. मला आता त्यांची रीत कळत होती.

"सगळेच करतात," तो म्हणाला. "दोन लाखांच्या वर काटा दिसला की गिऱ्हाईक दारात पाय ठेवत नाही. खरा आकडा दाखवला असता तर तूसुद्धा हिच्याकडं बघितलं नसतंस, दोब्रिन्का. आणि गाडी चांगली आहे की नाही? सांग ना, चांगली आहे की नाही?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण त्यात एक खोचक खरेही होते, आणि त्यानेच मला जास्त लागले. मोठा आकडा पाहून बाजूच्या गाड्यांकडे पाठ फिरवणारी माणसे मी त्याच्या अंगणात पाहिली होती. दोन लाखांची गाडी कोणालाच नको असते, म्हणून मग सगळ्याच एक लाखाच्या होतात.

दोब्रिन्काचा चेहरा लाल झाला होता. आवाज मात्र तिने चढवला नाही.

"बघितलं असतं की नसतं, ते मला ठरवू द्यायचं होतंस," ती म्हणाली. "मी रोज लोकांना सुया टोचते, रांगेल. बाटलीवरची तारीख खोडून कोणी मला औषध दिलं, तर मी त्याला काय म्हणू? सोमवारी मी मेतोदीदादाला घेऊन खिंडीवर जाणार होते. तू मला पट्टा बदलू नको म्हणालास. मी विचारलंसुद्धा नव्हतं, दादानं विचारलं होतं. तू त्याच्या तोंडाकडं बघून सांगितलंस."

रांगेल मेतोदीकडे बघू शकला नाही.

"मी गाडी परत घेतो," तो म्हणाला.

"आणि कोणाला विकतोस? दुसऱ्या कोणाच्या तरी कूमाला?" दोब्रिन्काने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "गाडी माझी आहे. हिनं मला फसवलेलं नाही. आणि कूमही तू मरेपर्यंत राहणार, ते काही मला बदलता येत नाही. पट्टा मात्र तू बदल. उद्या, तुझ्या हातानं, इथं बाबांच्या पडवीत. आणि सोमवारच्या पहिल्या फेरीला तू आमच्याबरोबर गाडीत बसायचं."

"मागच्या सीटवर," मेतोदी म्हणाला. "पुढं मी बसणार. माझे गुडघे दुखतात."

बाबांनी क्रूस अजून पुढेच धरला होता. रांगेलने खाली वाकून ओठ टेकवले. त्याचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी तो खरेच आला. तरुणपणी तो मेकॅनिक होता, हात अजून विसरला नव्हता. दुपारी त्याने जुना पट्टा बाहेर काढला आणि बोटांत वाकवला. रबराला आडव्या चिरा पडल्या होत्या, दोन दात अर्धे तुटले होते. तो तिथेच उलट्या बादलीवर बसला. "मी घरी जेवत बसलो असतो," तो म्हणाला, "आणि तुम्ही तिकडं…" मेतोदीने पट्टा त्याच्या हातातून घेतला, जनावराचे दात बघावे तसे पट्ट्याचे दात नीट पाहिले आणि परत दिला. एकही टोमणा मारला नाही. मला वाटते, रांगेलला तेच सगळ्यात जास्त लागले असेल.

"खरा आकडा किती?" दोब्रिन्काने विचारले.

"मी घेतली तेव्हा दोन लाख एकतीस." त्याला आठवावे लागले नाही. काटा फिरवणाऱ्या सगळ्यांना तो पाठ असतो.

दोब्रिन्काने आपल्या पिशवीतून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली, हातभर कापली आणि पेनने लिहिले: 'अधिक १,२२,०००'. ती पट्टी तिने काट्याच्या वर चिकटवली आणि अंगठ्याने दाबून दाबून बसवली. मग रांगेलकडे पाहून म्हणाली, "आता तिच्या मालकिणीनं काय काय सांगितलं होतं, ते सांग." आणि रांगेलने सांगितले. तेल, गंज, गुडघे, बेअरिंग. चांगलेही सांगितले. वही नव्हती, पण तिने एका नव्या वहीत ते उतरवून घेतले. बाबांनी बॉनेट बंद करू दिले नाही. "कालचं पाणी एक लाख पंधरा हजारवाल्या गाडीला लागलं," ते म्हणाले. "ती तर इथं आलीच नव्हती. दारं उघडा." आणि त्यांनी नवी जुडी बांधून पहिल्यापासून सगळे पुन्हा म्हटले.

सोमवारी आम्ही खिंड ओलांडली. वर बर्फ पडले होते, माझी चारही चाके ओढत होती. रांगेल मागे गुडघे हनुवटीला लावून बसला होता. ऐंशीचा वेग आला आणि बेअरिंग गुणगुणू लागले, तेव्हा मेतोदीने विचारले, "हे काय?" दोब्रिन्का म्हणाली, "वहीत लिहिलंय. काळजी नको." आणि तिने गाणे धरले.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी गाडी असेल. माझ्यासारखी उंच, लहान डिकीची, तेल पिणारी. तिला रोज धुतले नाही तरी चालेल. तिचे तेल बघा, पट्टा वेळेवर बदला, आवाज बदलला तर थांबून ऐका. आणि कधी विकायची वेळ आलीच, तर तिचे गुण सांगा आणि दोषही सांगा, दोन्ही एकाच अक्षरात लिहा. घेणारे असाल तर आकडा मोठा दिसला म्हणून पाठ फिरवू नका. तुम्ही पाठ फिरवता, म्हणून कोणी वायर लावतो. आणि वही मागा, मग विकणारा तुमचा कूम का असेना. ज्याचे मन साफ आहे, त्याला वही दाखवायला राग येत नाही.

ती पट्टी अजून काट्यावर आहे. कडांनी काळवंडली आहे, दोनदा बदलून पुन्हा लिहिली आहे. गाडी कितीची झाली असे कोणी विचारले, की दोब्रिन्का आधी काटा वाचते, मग पट्टी वाचते आणि बेरीज करून सांगते. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात. होऊ देत. ते सगळे रस्ते मी चालले आहे.